बूटभर अंतर

बस चालवणाऱ्या बाईनं गोल्फ का खेळू नये, हे मला जरा समजावून सांगाल का? हसू नका, खरंच सांगा. कारण ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांतल्या निम्म्यांनी आधी एवढंच विचारलं, "बस ड्रायव्हर? आणि गोल्फ?" जसं काही मी मांजर शिट्टी वाजवतं म्हणाले.

तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. वयानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. तिच्या बसचा शेवटचा थांबा गावाबाहेर, पाण्याच्या टाकीखाली. रस्ता ओलांडला की आमचं सार्वजनिक मैदान. नऊ होलचं, म्हणजे चेंडू पाडायची नऊ भोकं असलेलं, कुंपण अर्धं आडवं झालेलं, पण कोणीही जाऊन खेळावं असं.

ताई या खेळात आली तीच भांडत. परतीच्या फेरीला वेळ होता. बसचं दार उघडं टाकून ती पाणी पीत बसली होती. कुंपणावरून एक चेंडू आला तो थेट दारावर. पत्र्याला पोचा. ताई चेंडू मुठीत घेऊन मैदानात शिरली.

"कोणाचा हा?"

आमच्यातला प्लंबर मान खाली घालून पुढे झाला. "माझा. वारा होता जरा."

"वारा? झाडाचं पान हलत नाहीये, आणि तुझाच चेंडू बरा उडाला! दाखव कसा मारतोस ते."

त्यानं मारून दाखवला. तोही रस्त्याकडेच गेला. ताईनं त्याच्या हातातली स्टिक काढून घेतली. पहिल्या खेपेला नुसती माती उडाली. दुसऱ्या खेपेला चेंडू गेला, फार लांब नाही, पण गेला. "हं," ती म्हणाली. एवढंच. पुढच्या सुट्टीला ती मैदानावर हजर.

तिचा नवरा शिंपी. त्यानं बसच्या जुन्या सीटचं रेक्झिन मिळवून तिला स्टिक ठेवायची पिशवी शिवून दिली. डेपोत लोकांनी चिडवलं, "ताई, सीट घरी नेली वाटतं?" ती म्हणाली, "हो. तुमच्यासारख्यांनी बसून बसून वाट लावली होती तिची."

खेळ झाला की आम्ही पंपाच्या खोलीमागच्या सिमेंटच्या बाकावर बसतो आणि मैदानांची उणीदुणी काढतो. आसपास मैदानं तीन. एक आमचं. दुसरं बंद पडलेल्या कारखान्याचं, कामगारांसाठी केलेलं, सहा होलचं. तिसरं क्लबचं, भिंतीआडचं.

"कारखान्याचं बरं," प्लंबर म्हणतो. "चढ आहे. हात मोकळा सुटतो."

"तुझा हात सुटतो आणि चेंडू नाल्यात जातो," ताई म्हणते.

"मी निदान शोधतो तरी. मास्तर हळूच नवीन ठेवतात."

मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. आमच्यात नियमांचं पुस्तक वाचलेले ते एकटेच. "हळूच नाही, चांगला सांगून ठेवतो," ते म्हणतात. "आणि दंडाचा फटका धरतो. तू धरतोस का?"

"मी सगळे धरायला लागलो तर अंधार पडेल, मास्तर."

क्लबच्या मैदानाबद्दल मात्र सगळे ऐकीव बोलायचे. पाहिलं होतं फक्त ताईनं, तेही बसमधून. तिचा रस्ता क्लबच्या भिंतीला लागून चढतो, वरच्या वळणावर भिंत ठेंगणी होते, आणि तेवढ्या वळणापुरती आतली एक ग्रीन दिसते. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची बारीक कातरलेली हिरवळ. "गालिचा गं नुसता," ती मला सांगायची. "तिथे चेंडू ठेवला ना, तर तोच विचारेल, ताई, कुठे जाऊ?" वर्षानुवर्षं ती त्या वळणावर गाडी हळू करत आली. तिला एकदा तिथे खेळायचं होतं. भिंतीवरून डोकावून नाही, फाटकातून आत जाऊन.

त्यासाठी आधी खेळ सुधारायला हवा होता. तिचा चेंडू उजवीकडे वळायचा, हटकून. प्लंबर म्हणे पकड चुकते. मास्तर म्हणत पाय चुकतात. यावर बाकावर इतके वाद झाले की शेवटी ताईच ओरडली, "मी चुकते एवढं तरी दोघांना मान्य आहे ना? मग गप्प बसा, बघू द्या मला." तिनंच शोधून काढलं. जन्मभर बसचं जड स्टिअरिंग ओढून ओढून तिचा उजवा हात ढिला पडायलाच तयार नव्हता. मग डेपोत गाडी धुवून होईपर्यंत ती डाव्या हातात झाडूचा दांडा धरून फिरवत राहायची, उजवा हात खिशात.

"ताई, झाडताय का मारताय?"

"जवळ ये, सांगते."

चेंडू सरळ जायला लागला. होता होता ती आमच्यात सगळ्यांत चांगली खेळाडू झाली. आणि ते स्वतःच्या तोंडानं सांगायची. का नाही सांगायचं?

आता पुढचं लिहिताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ग्रीनवरचं गवत रोज कापावं लागतं. आमच्याकडे नगरपालिकेचं यंत्र मनात आलं तर येतं. आलं तर डिझेल नसतं. डिझेल असलं तर माणूस नसतो. अर्ज देऊन देऊन माझ्या चपला झिजल्या. परिणाम असा, की चेंडू भोकापाशी बूटभर अंतरावर आला तरी पुढचं काही सांगता येत नाही. गवताच्या गुठळीला लागून तो कुठेही उडी मारतो. म्हणून आमच्यात रीतच पडली: बूटभर राहिलं की समोरचा म्हणतो, "दिला!" म्हणजे गेला असं धरायचं, एक फटका मोजायचा आणि चेंडू उचलायचा. दिवसातून कितीदा तरी.

मित्रामित्रांत हे चालतं. दोघांच्या समोरासमोरच्या लढतीतही चालतं. पण जिथे प्रत्येकाचे एकूण फटके मोजून नंबर लावतात, तिथे चालत नाही. तिथे चेंडू भोकात पडलाच पाहिजे. तो न पाडता पुढच्या होलचा पहिला फटका मारलात, की तुम्ही बाद. हे मास्तरांना माहीत होतं. त्यांनी ताईकडून बाकी सगळं घोटून घेतलं, पाण्यात गेला तर काय, मुळांत अडकला तर काय. हे मात्र सांगायचं सुचलंच नाही. श्वास घे, असं कोणी कोणाला सांगतं का?

आणि क्लबनं हौशी बायकांची खुली स्पर्धा जाहीर केली. पहिल्यांदाच बाहेरच्यांनाही प्रवेश. पहिल्या तिघींना वर्षभर त्या मैदानावर खेळायची मुभा. ताईनं नाव दिलं, कामाची पाळी बदलून घेतली, नवऱ्यानं पिशवीचा पट्टा नव्यानं शिवला.

त्या दिवशी ती फाटकातून आत गेली आणि मी व मास्तर क्लबच्या व्हरांड्यात थांबलो. तिच्या जोडीला क्लबचीच एक सभासद होती, सोनेरी चष्मेवाली. दोघींनी एकमेकींचे फटके लिहायचे, अशी पद्धत. ताई उत्तम खेळत होती. मधल्या एका होलवर तिचा चेंडू भोकापासून बूटभर राहिला. चष्मेवाली हसून म्हणाली, "अहो, एवढासा तर आहे!"

ताईनं काय केलं असेल? तेच, जे आम्ही तिला रोज करायला लावत होतो. चेंडू उचलला, "थँक्यू" म्हणाली आणि जाऊन पुढच्या होलचा फटका मारला.

उरलेले सगळे होल ती बाई ताईबरोबर चालली. ऊन फार आहे म्हणाली. तुमचा हात छान बसलाय म्हणाली. पाण्याची बाटली पुढे केली. पण त्या चेंडूबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नाही.

पाटीवर आकडे लागले. ताई दुसरी. मास्तरांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. चष्मेवाली चौथी होती. ती पाटीसमोर उभी राहिली, मग समितीच्या खोलीत गेली. थोड्या वेळानं ताईला आत बोलावलं. मीही घुसले, मागोमाग मास्तर.

"बाई, त्या होलवर तुम्ही चेंडू आत घातला होता का?" सचिवांनी विचारलं.

"नाही. उचलला."

सचिवांनी चष्मेवालीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी आपलं सहज म्हटलं हो. मला वाटलं, नियम माहीत असेल यांना."

"मग तिथल्या तिथे का नाही बोललात?" मी म्हणाले. मास्तरांनी नियम माझ्या कानात सांगितला होता. "पुढचा फटका मारायच्या आधी सांगितलं असतं, तर चेंडू परत ठेवून एका फटक्याच्या दंडावर भागलं असतं!"

"तेव्हा माझ्या लक्षात नाही आलं."

"तेव्हा नाही आलं, आणि पाटीवर स्वतःचा चौथा नंबर दिसल्याबरोबर आलं?"

"तुम्ही कोण?" सचिव म्हणाले.

"मी यांच्याबरोबरची. आणि इथून हलणार नाही."

"गप गं," ताई म्हणाली. मला, त्यांना नाही.

सचिवांनी विचारलं, "यांनी तुम्हाला चेंडू उचला असं सांगितलं होतं का?"

एक 'हो' म्हटलं असतं तर वाद तरी घालता आला असता. ताई म्हणाली, "नाही. एवढासा आहे म्हणाल्या. उचलला मी."

ताई बाद. चष्मेवाली तिसरी.

परतताना ताई बसच्या मागच्या सीटवर बसली, प्रवासी म्हणून. मी म्हणाले, उद्याच क्लबच्या फाटकावर जाते, फलक लावते, पेपरात देते. ती म्हणाली, "काही करायचं नाही. नियम तो नियम. तू बोंब मारलीस तर लोक म्हणतील, हरली आणि रडत आली." मी दात ओठ खात गप्प बसले. तिच्यासाठी बसले, नाहीतर माझा तो स्वभाव नाही.

आणि मग क्लबची सूचना आली. मास्तरांनी ती बाकावर वाचून दाखवली. पुढच्या वर्षीपासून क्लबच्या कुठल्याही स्पर्धेसाठी सार्वजनिक मैदानावरच्या प्रत्येक खेळाडूच्या अर्जावर क्लबच्या एका सभासदाची सही हवी, या व्यक्तीला नियमांचं ज्ञान आहे अशी हमी देणारी. कारण दिलं होतं, "यंदाचा अनुभव लक्षात घेता."

"परत वाचा," ताई म्हणाली. मास्तरांनी परत वाचलं.

"माझी चूक होती, मी बाहेर गेले, हिशेब संपला," ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "आता त्या चुकीसाठी या सगळ्यांना दारात उभं करतात? माझं नाव पुढे करून?"

त्या दिवशी मैदानावर तिनं कोणालाही चेंडू उचलू दिला नाही.

"ताई, बूटभर तर आहे!" प्लंबर कळवळला.

"मग बूटभर मार."

"गुठळी आहे मध्ये."

"असू दे. आत घाल."

चार फटके लागले त्याला. कोणी हसलं नाही.

नंतर ती सही मागायला फिरली. काही सभासद तिच्या ओळखीचे आहेत. एक दातांचे डॉक्टर, ते म्हणाले, बघू. एक वकील, ज्यांच्या आईला ती रोज हात धरून बसमधून उतरवते, ते म्हणाले, माझं नाव मध्ये नको, तिथे रोजचं उठणं-बसणं आहे. एका बाईनं तर आतूनच सांगायला लावलं की घरी नाही. सही म्हणजे काय, किडनी मागितली होती का हो? ताईला आज क्लबचा कुठलाही नियम विचारा, झोपेतून उठून सांगेल. पण ते तपासायला तिला कोणी बोलावत नाही. सही नाही म्हणजे अर्ज नाही, आणि अर्ज नाही म्हणजे ती आपली त्या वळणावर गाडी हळू करत राहणार.

परवा तिनंच मला डेपोत गाठलं. "लिही," म्हणाली. "पण माझं रडगाणं नको लिहूस. सही माग."

म्हणून मागते. तुम्ही त्या क्लबचे सभासद असाल, तर सुट्टीच्या दिवशी सकाळी टाकीखालच्या मैदानावर या. तिच्याबरोबर नऊ होल खेळा, हवे तेवढे प्रश्न विचारा, आणि पटलं तर तिथल्या तिथे तिच्या अर्जावर सही करा. सभासद नसाल, तर तुमच्या ओळखीत जो असेल त्याला गाठा, "बघू" म्हणू देऊ नका, आणि आमच्याकडे घेऊन या.