मुठीवरचं रबर
खांदेश्वरहून जुईनगरला रोज बाइकने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पिळून पिळून माझं मनगट दुखायचं. म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून मी मुठीवर घट्ट चढवली. आता हात सोडला तरी अ‍ॅक्सिलरेटर होता तिथेच राहायचा.

मेकॅनिक भडकला. "साहेब, मूठ सोडली की ती आपोआप मागे फिरलीच पाहिजे. काढा ते."

मी हसलो. वर सोसायटीतल्या शेजाऱ्यालाही तसंच रबर माझ्या हाताने बसवून दिलं. मोठा इंजिनियर लागून गेलो होतो ना!

पंधरा दिवसांत तो सिग्नलला उभ्या टेम्पोवर आदळला. घाबरून त्याने मूठ सोडली होती, पण गाडीचा जोर कमी झालाच नाही. पाय मोडला.

हॉस्पिटलमध्ये त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, ब्रेकच लागला नाही म्हणतात हे." खाटेवरून त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"ब्रेकचा काही भरवसा नसतो, वहिनी," मी म्हणालो.

फोन आल्यावर मी धावतच खाली उतरलो होतो. पण हॉस्पिटलला निघायच्या आधी, पार्किंगमध्ये उभं राहून मी माझ्या गाडीचं रबर कापून टाकलं होतं.