बल्बखालची माती

किस्से जमवावे लागत नाहीत. मी आठवी नापास, टेम्पो चालवतो. ताई शास्त्रज्ञ. बेलापूरला तिच्या लॅबमध्ये जेवणाचा डबा द्यायला जायचो आणि दर वेळी एखादा किस्सा घेऊन तळवलीला परत यायचो. ताईला जाऊन महिना झाला. किस्से इथेच आहेत.

*

ताई दर उन्हाळ्यात हिमालयात जायची, झाडंसुद्धा उगवत नाहीत इतक्या उंचावर. आणायची काय, तर माती! आइसबॉक्स भरून. लॅबच्या वॉचमनने एकदा विचारलं, "मॅडम, नवी मुंबईत सगळीकडे खोदकाम चालू आहे. इथली माती चालत नाही का?"

"इथली चालते हो," ताई म्हणाली. "तिथली उड्या मारते."

*

त्या मातीत तिळाहून बारीक, उड्या मारणारे किडे असतात. माती चाळणीत ठेवायची, वर बल्ब लावायचा. ऊब लागली की किडे खाली पळतात आणि स्पिरिटच्या बाटलीत पडतात. मग ते मोजायचे. जिवंत असतील तेच पडतात. मेलेले मातीतच राहतात.

आई लॅब बघायला आली आणि भडकली. "मुक्या जिवांना भाजतेस? ह्याच्यासाठी शिकवली तुला?"

पुढचा आठवडाभर ताईच्या डब्यात कोलंबी नाही. फक्त भेंडी.

*

मी एकदा म्हटलं, जग तापतंय तर थंडीतल्या किड्यांची मजाच की! ताईच्या शेजारी तिची मैत्रीण शबाना काम करते, उरणची. ती कपाळाला हात लावून हसली.

ताई म्हणाली, "बर्फ म्हणजे त्यांची गोधडी रे. आता बर्फच कमी पडतो. थंडीत तुझी गोधडी कुणी ओढली तर काय करतोस?"

"लाथ मारतो."

"त्यांना ते जमत नाही. म्हणून मी मोजते."

*

यंदा डोंगर उतरताना ताईची जीप दरीत गेली. आइसबॉक्स मागच्या गाडीत होता, तो सामानाबरोबर घरी आला. ताईचे दिवस होईपर्यंत घरात मच्छी नव्हती, फ्रिज रिकामाच. आइसबॉक्समधला मातीचा डबा आईने त्यात ठेवला.

लॅबच्या सरांचा फोन आला. ताईची शेवटची माती आहे, किडे फार दिवस जगणार नाहीत, लवकर आणून दे म्हणाले. मी सांगितलं, त्या मातीवर बल्ब लावलात तर हात तोडीन. आणि फोन कापला.

तेराव्यानंतर आई म्हणाली, "टेम्पो काढ." डबा तिने ताईच्या गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता.

लॅबमध्ये शबानाने माती चाळणीत पसरली. बटण मात्र कुणी दाबेना. सर खिडकीबाहेर बघत उभे. आईने विचारलं, खटका कुठला? आणि तिनेच दाबला.

दुपार गेली. बाटली रिकामी. शबाना म्हणाली, "काकी, मेले असतील."

आई जागची हलली नाही.

मग बाटलीत एक पांढुरका ठिपका पडला.

"लिव," आई शबानाला म्हणाली. "येक."