मास्तरांची रिकामी खुर्ची

इनास मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते मासळी बाजारात, आणि पाहून तोंड फिरवलं. ते जवळ आले, पिशवी सावरत म्हणाले, “लुर्दीन, कॉयरात आल्टो कमी पडता गो.” मी बांगडेवालीशी घासाघीस करत राहिले. बांगडे काही एवढे महाग नव्हते... चार दिवसांनी सकाळी चर्चची घंटा वाजली आणि शेजारच्या बाईने सांगितलं, मास्तर गेले. चहा चुलीवर तसाच टाकून मी धावले. वाटभर एकच डोक्यात होतं, माणूस माझ्यावर रागावून गेला.

मास्तर आमच्या चर्चच्या कॉयरचे, म्हणजे गाणाऱ्या मंडळींचे. चाळीस वर्षं पेटी वाजवली त्यांनी. तरुणपणी मिशनच्या कामाला घाटावरच्या एका आदिवासी पाड्यात राहिले होते, तिथे शाळा चालवली. दिवाळीनंतर निम्मी पोरं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जात. मास्तर त्यांच्या पाट्या आणि बसायच्या जागा तशाच ठेवत, दुसऱ्या कुणाला बसू देत नसत. परत आल्यावर पोराला वाटायला हवं ना, की आपली जागा आहे, असं सांगत. गावी आल्यावर हीच खोड त्यांनी कॉयरमध्ये आणली. आल्टोच्या, म्हणजे आम्हा खालच्या सुरातल्या बायकांच्या रांगेत एक खुर्ची रिकामी. शनिवारी सरावाला ते जगातली कुठलीतरी दुःखाची बातमी सांगत, सुदानमधली उपाशी माणसं, काँगोच्या खाणीत राबणारी मुलं, आणि रविवारी त्यांच्या नावाची चिठ्ठी घडी करून त्या खुर्चीवर ठेवत. “जेका येवक जमला नाय, तेच्यासाठी,” म्हणत. आम्ही कंटाळायचो. मी तर उघड म्हणायचे, आपल्या गावात दुःखं कमी आहेत काय?

माझा आवाज मोठा आणि तोंड त्याहून मोठं, हे सगळा गाव जाणतो. डिसेंबरात फेस्त होतं, आमच्या चर्चचा वर्षाचा सण. वेंगुर्ल्याहून पाहुणा कॉयर आलेला, खुर्च्या कमी पडल्या. त्यांच्यातली एक म्हातारी गुडघे धरून उभी होती. मी चिठ्ठी उचलली, कमरेला खोचली आणि तिला म्हटलं, बसा मावशी. मास्तरांनी पहिल्याच ओळीला पेटी थांबवली. भरल्या चर्चमध्ये! “लुर्दीन, ती खुर्ची भरलेली आसा.”

माझं डोकंच फिरलं. “तुमच्या कागदाक गुडघे आसत काय, मास्तर?”

कुणीतरी हसलं. मास्तर उठले, आपलं स्टूल म्हातारीला दिलं, चिठ्ठी माझ्याकडून मागून घेतली, खुर्चीवर ठेवली आणि अख्खी मिस्सा, रविवारची मोठी प्रार्थना असते तेवढी, पेटीवर ओणवं होऊन उभ्याने वाजवली. वयाच्या सत्तराव्या वर्षी. त्याने तर मी जास्तच चिडले. त्या चिठ्ठीवर परक्या बंदरात मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या बोटीचे खलाशी होते, हे मला ठाऊक होतं, तरी चिडले. दुसऱ्या रविवारपासून रिक्षा करून मी शेजारच्या गावच्या चर्चला जाऊ लागले. पाच महिने!

दफनाच्या वेळी मी गायले. तीन आठवडे ना नीट जेवण, ना झोप. मग एके दिवशी मास्तरांची बायको, मारीबाय, बिस्किटांचा जुना डबा घेऊन दारात. “हो डबो तुझ्याकडे ठेव गो. माका तेंचा अक्षर लागणा नाय.”

डब्यात चिठ्ठ्या होत्या. दर रविवारची एक, तारखेसकट. डिसेंबरातली ती खलाशांची वर काढली, माझ्या कमरेच्या घामाने शाई फुटलेली. तिच्या पुढची उघडली. वर बुडालेल्या बोटीतली माणसं, नावं माहीत नाहीत. आणि खाली बारीक अक्षरात, “लुर्दीन, रागावलेली.” पुढची, “पुरात घरं गेलेले. लुर्दीन.” पुढची, “लुर्दीन, अजून रागावलेली.” पाच महिने एक रविवार चुकला नव्हता. अहो, मला सुदानच्या रांगेत बसवलं होतं या माणसाने! मी हसायला लागले, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावावा लागला. अगदी शेवटची होती त्यांच्या जाण्याच्या दोन दिवस आधीची. “लुर्दीन. बाजारात भेटली. बांगडे घेतले. येईल.”

येईल, असं लिहिलं होतं. येते का बघू, असं नव्हे. छातीवरचा धोंडा त्या एका शब्दाने उतरला. त्या रात्री मी पोटभर जेवले.

रविवारी गेले. खुर्ची तिथेच होती, चिठ्ठी मी लिहिली, वर त्या खलाशांना ठेवलं, ते अजून बोटीवरच आहेत, आणि खाली मास्तरांना. मिस्सा सुरू होताना मुंबईहून आलेली एक बाई जागा शोधत आली आणि खुर्चीला हात घातला. मी म्हटलं, “ती भरलेली आसा, गो बाय. तू हंयसर बस.” आणि माझी तिला दिली. आल्टो मी उभ्याने म्हटला. गुडघे ठणकत होते.