कडीचा रुपया आणि सीलबंद रुपया

मला नाणी जमवायचा नाद लागला तो कॉन्व्हेंटमध्ये, आणि त्याचं कारण सरळ होतं: नाण्यांशी बोलावं लागत नाही. मधल्या सुट्टीत मी शाळेच्या ग्रंथालयात जाऊन बसायचे. तिथे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात नाण्यांचे दर्जे दिले होते आणि पुन्हा पुन्हा एकच ताकीद होती, नाणं कधीही घासू नये.

घरी उलटा कायदा होता. आदिलाबादच्या आमच्या स्वयंपाकघरात जे काळं पडेल ते आई चिंचेच्या कोळानं आणि राखेनं घासत असे. माझी कंपासपेटी तिच्या हाती लागू नये म्हणून मी ती पुस्तकांच्या मागे ठेवायचे. तिच्यात भोकाचे पैसे होते, इंद्रवेल्लीच्या बाजारात एका सोनाराकडून घेतलेली थोडी चांदीची नाणी होती, आणि निजामाच्या वेळचा एक रुपया होता. त्याला आमच्याकडे हाली म्हणतात. तो वडिलांच्या आईचा. मुधोळकडे लोकांच्या शेतात निंदायला जाताना तो काळ्या दोऱ्यात तिच्या गळ्यात असायचा. सोनारानं डाख देऊन त्याला कडी बसवली होती. पुढे कडी तुटली, डाखेचा गोळा तेवढा राहिला. त्यावरचा चारमिनार इतका झिजला होता की मधल्या दरवाजातलं निजामाच्या नावाचं अक्षर पुसून गेलं होतं. पुस्तकाच्या मते अशा नाण्याला दर्जाच नसतो.

बी.ए. झाल्यावर मामानं स्थळ आणलं. मामा तहसील कचेरीत कारकून. त्याच्या लेखी जगातली प्रत्येक गोष्ट ही एक मिसल, म्हणजे कचेरीतली फाईल होती.

"मिसल एकदम साफ हाय," तो आईला म्हणाला. "पोरगा हैदराबादले नौकरीत. अन् ऐक, त्यालेबी नाणे जमवाचा शौक! अजून काय पाह्यजे तुले?"

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी आईनं मला हळद-बेसन लावून न्हाऊ घातलं. मी केस वाळवून आत आले, तर ती मोरीजवळ बसून माझी नाणी घासत होती.

"आई! काय करून राह्यली?"

"पाहुन्याइले दाखवाचे हायत ना? काय मळ हा! लोकं काय म्हनतील?"

"घासल्यानं किंमत जाते त्यांची."

"मळ काढल्यानं किंमत जाते? आता तुहा मळ काढला, तुही गेली का वं?"

मी तिच्याशेजारी बसून घासलेली नाणी पुसायला घेतली.

मुलगा आपल्या आईबरोबर आला. पोह्यांच्या बशांशेजारी आईनं माझी चकचकीत नाणी ताटलीत मांडली. मुलानं खिशातून भिंग काढलं, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडला. माझी वस्तू कोणी इतका वेळ डोळ्यांजवळ धरून पाहिली नव्हती.

"क्लीन्ड," तो म्हणाला. पुढचं उचललं. "हेही क्लीन्ड."

त्याची आई तेव्हा माझ्याकडे पाहत होती. तिच्याकडे भिंग नव्हतं, पण काम तेच चाललं होतं.

हाली रुपया त्यानं उलटसुलट केला आणि ताटलीत टाकला. "याला तर कडी होती. यात काही नाही. मोडीत चांदीचे येतील तेवढेच."

मग त्यानं पिशवीतून एक प्लास्टिकची चौकोनी वडी काढली. तिच्या आत तसाच हाली रुपया बंद केला होता. त्याच्या भावानं अमेरिकेत तो तपासून, दर्जा ठरवून सीलबंद करून घेतला होता. वर चिठ्ठीत लिहिलं होतं, त्रेसष्ट.

"त्रेसष्ट शंभरापैकी?" वडिलांनी विचारलं. ते शाळामास्तर.

"सत्तरपैकी."

"म्हणजे नव्वद टक्के," वडील म्हणाले, आणि त्यांना तो रुपया एकदम पसंत पडला.

वडी माझ्या हातात आली. दरवाजातलं अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं. कालच कोरल्यासारखं. मला तो रुपया हवा होता, अगदी लहान पोरासारखा हवा होता.

"हा कोनाच्या गळ्यातला?" आईनं मुलाला विचारलं.

"कोणाच्याच नाही. म्हणून तर त्रेसष्ट."

"व माय," आई हळहळून म्हणाली, "कोनीच नाई घातला?"

मुलगा हसला. "माझं मत विचाराल तर ही सगळी मोडीत घालावी आणि त्यात असं एक घ्यावं. लग्नानंतर आपण तसंच करू. संग्रह लहान, पण सर्टिफाइड." त्या 'आपण'वर आईनं पदर सारखा केला. मग तो माझ्याकडे वळला. "तुम्हीच सांगा. दोन्हींतलं एकच ठेवायचं, तर कुठलं?"

प्लास्टिकवालं म्हटलं असतं तर आजीचा रुपया सोनाराच्या मुशीत आणि मी हैदराबादला, हे बसलेल्या सगळ्यांना कळत होतं. मी ताटलीकडे पाहत राहिले.

"लाजते पोरगी," मामा घाईनं म्हणाला. "आना इकडं. रुपया काई तोंड पाहून घेत असतेत का? वाजवून घेत असतेत."

त्यानं आजीचा रुपया शहाबादी फरशीवर टाकला. तो लांबवर खणखणला. आणि कोणाला काही सुचायच्या आत त्यानं ती वडीही टाकली.

टक्. कोपरा उडाला. वडीला आरपार तडा गेला.

"मुका हाय हा," मामानं निकाल दिला.

"अहो, काय केलंत हे!" मुलगा गुडघ्यांवर बसला. "सील तुटलं! ग्रेड गेली याची!"

"नाण्याला काही झालं का?" वडिलांनी काळजीनं विचारलं.

"नाण्याला काही नाही झालं हो! ग्रेड गेली!"

"मग आता दोन्ही सारखीच झाली," कोणीतरी म्हणालं. तो आवाज माझा होता. "मी माझं ठेवते."

चहा सगळ्यांनी गरम गरमच संपवला.

आठवड्यानं मामा निरोप घेऊन आला. "मिसल खारिज. पोरगी फार बोलते म्हने."

घरात कोणाचाच विश्वास बसेना. वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू निकालात चुकून माझा पहिला वर्ग लागला होता. आईनं तर शेजारणीला दोनदा सांगितलं, जरा अभिमानानंच.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"वाईट वाटून राह्यलं का वं?"

मी हो म्हटलं.

"वाटतेच," ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "पन जाऊ दे. याच्याहून चांगला भेटन."

नाही भेटणार, मी मनात म्हटलं. इतकं स्वच्छ अक्षर असलेला हाली पुन्हा कुठे भेटणार?