तीनचा हाय, बसा

कोयनानगरकडचा माणूस भूकंपाला भीत नाही असं नाही, पण आधी तो रिश्टरचा आकडा सांगणार. जमीन हलली की बाहेर पळायचं सोडून बसल्या जागी अडीच, तीन, साडेतीन. मग मोबाइलवर खरा आकडा आला की ज्याचा जुळला तो दिवसभर मिरवणार. अंगणवाडी सेविका क्रांतीचा अंदाज सहसा चुकत नसे.

साताऱ्याच्या परिषदेत 'आपत्तीत मुलांची सुरक्षा' यावर तिला दहा मिनिटं बोलायचं होतं. पर्यवेक्षिका भार्गवी मॅडमनी सगळं बसवून दिलं होतं. सुरुवातीला सभागृहाला एक प्रश्न, लगेच भूकंपाच्या रंगीत तालमीचा फोटो: वीस मुलं चाळीस सेकंदांत बाहेर. "आकडे कमी, गोष्ट एकच. लोकांनी ऐकलं पाहिजे, क्रांतीताई," मॅडम म्हणाल्या.

ती एक गोष्टच क्रांतीच्या घशात अडकली होती. मार्चमध्ये हादरा बसला तेव्हा ती खिचडी वाढत होती. मागोमाग दुसरा बसला, पातेलं उलटलं आणि चार वर्षांच्या पूजाचा हात कोपरापर्यंत भाजला. नोंदवहीत 'अपघात' लिहिलं गेलं. पूजाचे आजोबा नाथाजी उलट तिचीच समजूत घालून गेले, "आवं बाई, तुमचा काय दोष?" त्या बोलण्याने ती आणखीच खचली. दोन हादऱ्यांच्या मधे ती काय बोलली, ते फक्त मुलांनी ऐकलं होतं, आणि मुलं विसरली होती. सांगितलं तर नोकरी जाईल, हे तिला स्वच्छ कळत होतं. आठ दिवस तिने भाषण घोकलं. ते जितकं गुळगुळीत होत गेलं, तितकी तिला स्वतःची शिसारी येत गेली.

सभागृह गच्च भरलं होतं. क्रांतीने ठरल्याप्रमाणे विचारलं, "हादरा बसला की पयलं काय करता तुमी?"

"आकडा सांगतो!" मागून पाटणकडच्या सेविका ओरडल्या. हशा पिकला. मॅडमही हसल्या आणि त्यांनी पडद्यावर फोटो लावला.

क्रांतीने तिकडे पाहिलंच नाही. हातातला कागद तिने घडी करून ठेवला.

"मी बी सांगितला हुता," ती म्हणाली. "पोरं उठाय लागली हुती. म्या म्हणलं, तीनचा हाय, बसा."

सभागृहातलं हसू थांबलं.

"आकडा तीनचाच निघाला. दुसरा मोठा आला." तिचा आवाज फाटला. "पोरं माझं लय ऐकत्यात वो. बसली."