थर्माकोलच्या घरातला कोपरा

गम मी नाकानं घेतो. दुकानात गेलो का आधी झाकन उघडून हुंगतो, मंग भाव इचारतो. डब्यावर काय लिवलं राह्यते ते मले वाचता येत नाई. शाळेत मास्तर मले पाहून कटाळले अन् मी मास्तरले पाहून कटाळलो, दोघाइची सुटका झाली. म्हनून आपला हिसाब सोपा: वास जेवढा कडक, पकड तेवढी कडक. चपला चिकटवाचा पिवळा गम हुंगला का डोळ्यातून पानी येते, म्हनजे तो सगळ्यात भारी. पांढऱ्या गमले वासच नाई, म्हनजे तो लेकराइच्या कागदाचा.

एवढ्या अकलेवर मी आर्णीत थर्माकोलचं दुकान चालवून राह्यलो. गनपतीचं मखर, लग्नातले नावाचे बोर्ड, शाळेतल्या पोट्ट्याइचे ज्वालामुखी. ज्वालामुखी माह्या हातचा लय झकास होते, कारन तो वाकडाच पाह्यजे राह्यते.

एका दुपारी बाबूजी आले. तहसीलीत बाबू होते, म्हनून सारं गाव त्याहिले बाबूजीच म्हने. साखरेच्या बिमारीनं दोन्ही डोळे गेलते. बायकोच्या, म्हनजे आमच्या काकूच्या, खांद्यावर हात ठेवून दुकानाची पायरी चढले अन् म्हनाले, "मला माझं घर करून दे."

मी म्हनलं, "बाबूजी, मी मिस्त्री नाई जी. माह्या हातचं घर वाऱ्यानं उडते."

"उडणारंच पाहिजे. मांडीवर मावेल असं."

काकू म्हने, "आम्ही आता पोरीकडे राहायला चाललो नागपूरले. घर विकलं. मी म्हटलं फोटो काढून घ्या, तर म्हणतात फोटोत हात कुठं फिरवू?"

बाबूजी म्हनाले, "माझ्या घरात मी काठी घेत नाही. पोरीच्या फ्लॅटमध्ये मी सामान होणार. इथून उचला, तिथं ठेवा. माझं घर मांडीवर असलं तर निदान बोटांनी फिरेन."

घर घेतलं होतं बाजूच्या तांड्यावरच्या एका कास्तकारानं. त्याले मागच्या खोलीची भित पाडून तिथी ट्रॅक्टर उभा कराचा होता.

मी माप घ्याले गेलो. घर काही मोठं नवतं. मातीच्या जाड भिती, वर कवेलू, ओळीनं तीन खोल्या. बाबूजी पुढं, मी मागं. "चौकट ठेंगणी आहे, डोकं सांभाळ," ते म्हनाले, तोवर मी डोकं आपटलं होतं. आंधळा मानूस मले वाट दाखवून राह्यला अन् डोळेवाला चौकटीले धडकून राह्यला. काकू तोंडावर पदर धरून हासली.

मागच्या खोलीत शहाबादी फरशी होती, गुळगुळीत. एका कोपऱ्यात टिनाची धान्याची कोठी. मी वाजवून पाह्यली तर रिकामी. म्हनलं, "हे सरकवतो, कोपऱ्याचं माप घेतो."

"राहू दे," बाबूजी म्हनाले. "ती तिथंच असते. तिच्या आधी तिथं वडिलांची खाट होती. लहानपणी मी रांगत त्या कोपऱ्याकडे गेलो की आई तंगडीला धरून मागं ओढायची."

"काहून?"

"कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

मंग मी पाह्यलं. बाबूजी साऱ्या घरात सरळ चालत, पन त्या कोपऱ्याजवळ आले का पाय आपोआप वळे. कोठी होती हातभर दूर, तरी वळे.

खाली थर्माकोलचा जाड ठोकळा घेतला, भिती बी थर्माकोलच्याच केल्या अन् वरून रेती लावली, हाताले मातीवानी खरबडीत लागाव्या म्हनून. फरशी गुळगुळीत पाह्यजे, म्हनून फाइलच्या कव्हरचं प्लास्टिक कापलं. आता प्लास्टिक थर्माकोलले चिकटवाचं कशानं? पुढच्या दोन खोल्याइत पांढरा गम लावला, वर वीट ठेवली. दुसऱ्या दिवशी पाह्यलं तर काठाले वाळला अन् मंधात दुधाचं दूध. वरून प्लास्टिक, हवा जाईन कुठून? मागच्या खोलीपर्यंत येता येता माह्यं डोकं सटकलं. घेतला पिवळा गम. कोपरा उचलला नोको जावाले म्हनून तिथी हात सैल सोडला, डबाच उपडा केला म्हना ना.

अस्सं बसलं प्लास्टिक! आरसा. म्हनलं, याले म्हनते गम.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी लाइन गेली. पंखा थांबला, बाजार झोपलेला. अन् घरातून आवाज येऊन राह्यला. माह्या घरातून नाई, टेबलावरच्या घरातून. कुर्र. थांबे. मंग अखीन कुर्र. दात नसलेला मानूस फुटाने चावते तसा. मले वाटलं उंदीर. मोबाइलचा लाइट लावून मागच्या खिडकीतून आत पाह्यलं तर फरशी चकाचक, खोली रिकामी. आवाज बंद. लाइट काढला का कुर्र.

मी काही भेलो नाई. मले फक्त चहाची तलफ आली, ते बी एवढी जोराची का एक चप्पल दुकानातच राह्यली.

बाबूजी घर घ्याले आले. मांडीवर घेतलं, वरचं सुटं छप्पर काढून ठेवलं, दोन बोटं पायासारखी केली अन् समोरच्या दारातून आत गेले. "उंबरा थोडा उंच झाला," म्हनाले. "ही चूल. हा देव्हारा." बोटं चालत तशी थर्माकोलची भित किरकिर वाजे. काकू बाजूले बसून एकटक पाहत होती. मागच्या खोलीत बोटं शिरली, फरशीवरून घसरत गेली अन् कोपऱ्याजवळ आपोआप वळली.

"कोठी नाही केलीस?"

"राह्यली, बाबूजी."

"मग आज जाऊन पाहतो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

त्याहिनं कोपऱ्यात बोट टेकवलं. प्लास्टिक दबलं, कडकन मोडलं अन् अख्खं बोट आत गेलं. मंग तळवा. खाली काहीच नवतं. वरून सपाट फरशी अन् आत वाडग्याएवढा खड्डा.

बाबूजीनं हात काढला नाई.

"आत गार आहे," ते म्हनाले. "गार हवा येते खालून. तुला कोणी सांगितलं हे?"

"कोनी नाई जी. मीच गधा. पिवळा गम थर्माकोल खाते. वर प्लास्टिक, त्याले उडाले जागा नाई, म्हनून आतल्या आतच खात बसला. उडता उडता तो गार लागते. मी नवीन करून देतो."

ते ऐकतच नवते. हात तसाच खड्ड्यात. "पेव," ते म्हनाले. "आमच्या घरात पेव आहे."

पेव म्हनजे जमिनीतली धान्याची कोठी. तोंड मानूस उतरन एवढं, पोट खोलीएवढं. जुन्या काळी जवारी भरून वरून बंद करत.

मंग बाबूजी एकच शब्द बोलले. "ट्रॅक्टर."

ऑटो करून गेलो. मागची भित अर्धी पडलेली अन् ट्रॅक्टर बाहेर घरघर करत उभा. नवा मालक ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून वरडला, "ओ बाबूजी, आता कायले तरास घेता? घर आता आमचं!"

"पोट्ट्या, खाली उतर आधी," काकू म्हने. "अन् ते बंद कर."

कोठी सरकवली. फरशी वाजवून कोन पाहीन? सगळे माह्याकडे पाहाले लागले. मालक म्हने, "तू वाजव. तू पडला तर गावाचं काही थांबत नाई." खरंच होतं. मी दारापासून, अंग मागं ठेवून, लोखंडी सब्बल आपटत गेलो. धप. धप. धप. कोपऱ्यात आपटली तर आवाज खाली गेला अन् थोड्या वेळानं वापस आला.

फरशी उचलली. खाली सडलेल्या फळ्या, त्याच्या खाली काळं. मी आपलं नाक घेऊन पुढं. ओनवा होऊन हुंगलं. वास काहीच नाई. मंग एकदम गोड, कुजकट, अन् मले वाटलं आता इथीच थोडं झोपावं. मालकानं कॉलर धरून मागं फेकलं म्हनून मी हे सांगून राह्यलो. त्यानं दोराले कंदील बांधून खाली सोडला. तोंडाच्या थोडा खाली गेला अन् विझला. अखीन पेटवला, अखीन विझला. त्यानं आपल्या बोलीत मायचं नाव घेतलं, "याडी!" अन् ट्रॅक्टरकडे पाह्यलं. सीटवर त्याचा भाऊ बसलेला होता.

मालकानं ट्रॅक्टरचा आरसा काढला अन् पडक्या भितीतून येनारं ऊन पेवात पाडलं. तळाले काळी पडलेली जवारी दिसली. अन् बाजूले टेकून लाकडाची शिडी उभी होती. आतमधी.

वर निघालेला मानूस शिडी वर ओढून घेते, एवढं मले बी समजते.

"काय दिसतं?" बाबूजीनं इचारलं.

काकू म्हने, "काही नाही. रिकामं आहे."

"शिडी आहे का?"

काकू म्हने, "तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या आईनं घरात कधी शिडी ठेवू दिली नाही. कवेलू फेरायला शेजाऱ्याची मागून आणायचो, अन् काम संपायच्या आधी ती ओरडायची, परत नेऊन दे, परत नेऊन दे." मंग म्हनाले, "माझ्या आधी एक मुलगा झाला होता म्हणतात. एवढंच ठाऊक आहे."

जवारीखाली काय होतं, मी सांगू शकत नाई. उतराची हिंमत कोनाची झाली नाई, अन् हवाच नवती. काकूनं हळदकुंकू वाह्यलं, मालकानं नारळ फोडला. पेव बुजवाले मुरूम टाकाच्या आधी बाबूजी म्हनाले, "शिडी वर काढा." आकडा टाकून ओढली. खालच्या पायऱ्या गळून पडल्या, वरच्या बऱ्या होत्या.

थर्माकोलच्या घराचा कोपरा मी दुरुस्त करून देल्ला. आता डोकं ठिकानावर होतं. आधी तुकड्यावर करून पाह्यलं. प्लास्टिक घासलं, सुईनं भोकं पाडली, हवा जावाले पाह्यजे म्हनून. पांढरा गम पातळ लावला, वीट ठेवली अन् हात लावला नाई. बाबूजीनं एक अखीन काम सांगतलं, झाडूच्या काड्याइची शिडी कराची अन् घराच्या बाहेरच्या भितीले लावाची. "बाहेर," त्याहिनं दोनदा सांगतलं. ते बी मी तसंच चिकटवलं. माह्या जिंदगीत पक्कं झालेलं ते एकच काम.

बाबूजी घर मांडीवर घेऊन नागपूरले गेले. काही दिवसानं त्याहिच्या पोरीचा फोन आला.

"दादा, ती शिडी निघते हो. रोज सकाळी मागच्या खोलीच्या कोपऱ्यात सापडते. बाबा म्हणतात मी हात लावला नाही. आई तर त्या घराजवळही जात नाही. मी तीनदा चिकटवली. कोणता गम लावू?"

मी म्हनलं, "माह्या हातचं काम हाये ताई, सुटनारच."

तिकडून ती हासली. मले हासू आलं नाई. दुपार होती, लाइन गेली होती, अन् टेबलावर काहीच ठेवलेलं नवतं तरी मी टेबलाकडे पाहून राह्यलो होतो.

"चिकटवू नोका, ताई," मी म्हनलं. "कोपऱ्यातच राहू द्या. मोकळी राहू द्या."