कार्डात राहून गेलेली ओळ

"हे पहा चीफ, इथं सरकलं." रामटेकेनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. जहाजाच्या ओल्या डेकवर विमान उभं. पुढून ट्रॅक्टर जोडलेला. पोरांनी चाकांच्या चेन काढल्या, नेमकं तेव्हाच जहाज कललं आणि विमानाची शेपूट फूटभर बाजूला गेली. एकानं वेळेवर पाय मागे घेतला म्हणून बरं. व्हिडिओ मी चारदा पाहिला.

मी नौदलात, विमानवाहू जहाजावर हँडलर होतो. म्हणजे डेकवरची विमानं हलवणारा, लावणारा आणि चेननं बांधून ठेवणारा. पायलटचं नाव व्हायचं, आमच्या पाठीला रग लागायची. निवृत्त झाल्यावर रायपूरला पुरानी बस्तीतल्या घरी आलो. रामटेके भिलाईचा, एकेकाळी माझ्या हाताखाली ट्रॅक्टर चालवायचा. आता तोच नव्या पोरांचा ट्रेनर आहे. रजेवर घरी आला होता, पण पहिल्याच सकाळी माझ्याकडे हजर.

भानगड अशी होती. जहाज मोठ्या दुरुस्तीला गोदीत गेलं की वर्षानुवर्षं बाहेर निघत नाही. तोवर एअर ग्रुप, म्हणजे जहाजावरची विमानं आणि त्यांची माणसं, जमिनीवर दिवस काढतो. आमची सवय मोडू नये म्हणून किनाऱ्यावरच्या विमानतळावर पांढऱ्या रंगानं अख्खा डेक आखला होता. निवृत्त होण्याआधी मी सगळी ड्रिल एका कार्डावर लिहून दिली. कोण कुठं उभा राहील, कोणती खूण झाली की कोणती चेन निघेल, सगळं. त्या कार्डाचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

आता जहाज समुद्रात परतलं होतं, सरावापुरतं एक विमान घेऊन. आठवड्यानं पोरांची परीक्षा होती. ती नापास झाली असती तर एअर ग्रुपचं जहाजावर उतरणं आणखी काही महिने लांबलं असतं.

"पोट्टे कुठं चुकले?" मी विचारलं.

"चुकले नाही ना चीफ! कार्डातलं एक अक्षर सोडलं नाही त्यायनं. म्हणून तर तुमच्याकडे आलो."

हे लागलं मला. सरळ बोलायचं तर चूक माझी होती, आणि ती कुठं आहे हे मला दिसत नव्हतं. कार्ड तीनदा वाचलं. एकही पायरी सुटलेली नव्हती.

"तुम्ही करूनच दाखवा," रामटेके म्हणाला. "मी शूटिंग करतो."

अंगणात माझी स्कूटर उभी केली. ती विमान. मोबाइल कुंडीला टेकवून रामटेके पुढं ट्रॅक्टर म्हणून बसला, पाटावर. मी समोर उभा राहून मूठ वर केली. मूठ म्हणजे ब्रेक धरून ठेवा. मग चेन काढायची खूण केली. असं तीनदा केलं. शेजारचे भैया फाटकातून पाहून गेले.

तिन्ही व्हिडिओ आम्ही पाहिले. सगळं कार्डाप्रमाणेच. रामटेकेनं मान हलवली. माझी बायको सुमन बाजूला लाल भाजी निवडत बसली होती. तिनं मान वाकडी करून पाहिलं.

"तुम्ही दरवेळी मधातच काहून थांबता?" ती म्हणाली.

"कुठं थांबलो?"

"मूठ वर करून. अन् तिकडं भिंतीकडे काय पाहून राहिले?"

पुन्हा व्हिडिओ लावला. खरंच की. मूठ वर, गुडघे किंचित वाकलेले, नजर शेजारच्या कंपाउंडच्या वरच्या कडेवर. एकदा तीन सेकंद, एकदा पाच. मग खूण.

मी क्षितिज पाहत होतो. जहाज कलून परत सपाट आलं की मगच चेन काढायची. इतकी वर्षं पायांना ते कळायचं, डोक्याला विचारावं लागलं नाही. म्हणून लिहिलंच गेलं नाही. अन् रंगवलेला डेक तर कलतच नाही, तिथं शिकलेली पोरं थांबणार कशी?

"पण तू तर सोबत होतास ना," मी रामटेकेला म्हटलं.

"चीफ, माझी नजर तुमच्या हातावर राहायची. तुम्ही कुठं पाहता, ते थोडीच पाहत होतो."

बरोबर होतं त्याचं. हात पाहायला मीच शिकवलं होतं.

कार्डात एक ओळ वाढवली: क्षितिज पाहा, डेक सपाट येऊ द्या, मग खूण करा. रामटेके रजा अर्धी टाकून गेला. सुमननं त्याला जाताना डब्यात भाजी-भाकर दिली.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "सगळे पास, चीफ! एअर ग्रुप उद्या उतरते." मागं डेकवरचा वारा ऐकू येत होता. डोळे भरून आले. सुमनला सांगितलं, तर तिनं डबा कधी परत येणार ते विचारलं.

काम येणाऱ्यानं ते जरूर लिहून ठेवावं. पण लिहिल्यावर ज्याला ते काम अजिबात येत नाही अशा माणसासमोर एकदा करून दाखवावं. मी ते पहिल्याच दिवशी केलं असतं, तर त्या पोराचा पाय नशिबावर राहिला नसता.